साथीच्या काळातली सार्वजनिक वाहतूक : सोलापूर

साथ चालू असताना बस, रेल्वे, रिक्षा चालू ठेवायच्या पण त्यातून रोग पसरू द्यायचा नाही, यासाठी जे काय केलं जातं ते या नोंदीत येतं, उदाहरणं मुख्यतः कोविडची आणि सोलापूर जिल्ह्यातली. प्रश्न तसा जुनाच. प्लेगच्या वेळी केलेल्या १८९७ च्या साथरोग कायद्यात रेल्वेने जाणाऱ्या माणसांची तपासणी करायचा अधिकार सरकारला दिलेला आहे आणि तोच कायदा मार्च २०२० मध्ये परत बाहेर काढला.

सोलापुरात पहिला पेशंट सापडला १२ एप्रिल २०२० ला, तोवर एसटी आणि पॅसेंजर गाड्या बंद होऊन अडीच आठवडे उलटून गेलेले. मे महिन्यात राज्यात रेड झोन (जिथे पेशंट जास्त तो भाग) सोडून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एसटी सुटली पण सोलापूर महापालिका रेड झोनमध्येच. २० ऑगस्टपासून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात एसटी सुरू झाली, तीही अर्ध्या सीटवर म्हणजे ४४ च्या गाडीत २२ माणसं, आणि १८ सप्टेंबरपासून सगळ्या सीट भरायला परवानगी मिळाली. अर्ध्या सीटचा नियम कागदावर छान दिसतो, पण माणसं तेवढीच आणि गाड्याही तेवढ्याच असल्या की उरलेली गर्दी स्टँडवर दाटीवाटीने उभी राहते. नियम पाळायचा तर फेऱ्या दुप्पट लागतात, तेवढे ड्रायव्हर-कंडक्टर आणायचे कुठून?

कोविड पसरतो मुख्यतः श्वासातून, बोलताना-खोकताना सुटलेले बारीक कण बंद जागेत बराच वेळ हवेत तरंगत राहतात. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय खिडकी. साध्या लालपरीच्या काचा सरकवल्या की चालत्या गाडीत हवा खेळती राहते, पण गाडी फलाटावर उभी राहिली की वारा थांबतो आणि नेमकी तेव्हाच चढउतार चालू असते. एसी गाड्यांच्या काचा उघडतच नाहीत. आणि सोलापूरचा मे महिना म्हणजे चाळीसच्या वर पारा, झळ नको म्हणून लोक काच ओढून घेतात, पावसात तर विचारायलाच नको. खिडकीला जोड मास्कची, तोही नाकावर, हनुवटीवर नाही.

फवारणीचं कौतुक मात्र गरजेपेक्षा जास्त झालं. हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मारताना फोटो चांगला येतो एवढंच! जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितलं होतं की माणसांवर तर अजिबात फवारू नका आणि नुसत्या फवाऱ्याने पृष्ठभागही नीट निर्जंतुक होत नाही. दांडे, सीट पुसून घ्यावेत, पण सगळा जोर त्यावर नको.

सगळ्यात जास्त धोका कंडक्टरला. तिकिटाचं मशीन हातात घेऊन अरुंद वाटेतून प्रत्येक सीटकडे वाकायचं, आणि मास्कमुळे आवाज पोचत नाही म्हणून समोरचा नेमका मास्क खाली ओढून तोंडाजवळ येऊन सांगतो, 'दोन मोहोळ द्या', म्हणजे मोहोळ गावची दोन तिकिटं. ड्रायव्हरला निदान केबिन असते, प्लास्टिकचा पडदा लावता येतो. गाडी सुटायच्या आधी खालीच तिकीट दिलं किंवा आधी बुकिंग झालेलं असलं तर हा त्रास बराच कमी होतो. आणि ताप आलेल्या कर्मचाऱ्याला पगार न कापता घरी बसता आलं पाहिजे, नाहीतर तो गोळी खाऊन ड्यूटीवर येणारच.

शहरात सिटी बस कमी, त्यामुळे खरी वाहतूक शेअर रिक्षावर चालते. विडी घरकुल, अक्कलकोट रोड एमआयडीसी, जुळे सोलापूर, सगळीकडे तेच. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी म्हणून हवेचा प्रश्न कमी, पण खांद्याला खांदा. कोविडमधल्या ड्रायव्हर अधिक दोन प्रवासी या नियमात रिक्षावाल्याला भाडं परवडत नव्हतं आणि भाडं वाढवलं तर विडी वळणाऱ्या बाईला परवडत नव्हतं.

पंढरपूरची वारी २०२० मध्ये पायी झालीच नाही, मानाच्या पादुका एसटीने मोजक्या लोकांसोबत आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला आल्या. २०२१ लाही बसनेच.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बाहेरगावाहून उतरणाऱ्यांच्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारायचा आदेश निघाला, नोव्हेंबरमध्ये सार्वजनिक वाहनात बसायला लसीचे दोन डोस सक्तीचे झाले. रेल्वेने एसी डब्यातले पडदे आणि ब्लँकेट काढून घेतलेलं, ते मार्च २०२२ मध्ये परत आलं. तोवर मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला लोक घरची चादर घेऊन जायचे, सोलापुरात तिची काय कमी! राज्यातले निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले.