थ्री मेन इन अ बोट: १९५६ चा बघायचा की १९७५ चा?

जेरोम के. जेरोमचं हे पुस्तक (१८८९) वाचून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, पिक्चर आहे का? आहे ना, पण एकाच नावाचे दोन समोर येतात आणि लोक एकाचं कौतुक ऐकून दुसराच लावून बसतात.

५६ चा केन अनाकिनचा, रंगीत, सिनेमास्कोप, थिएटरसाठी काढलेला. त्यात लॉरेन्स हार्वे, डेव्हिड टॉमलिन्सन आणि मिशाळ जिमी एडवर्ड्स. ७५ चा म्हणजे बीबीसीची जेमतेम तासाभराची टीव्ही फिल्म, लिहिलीय टॉम स्टॉपार्डने, दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, कलाकार टिम करी, मायकेल पेलिन आणि स्टीफन मूर.

आता गोची अशी की पुस्तकात स्टोरी अशी नाहीच. तीन आळशी मित्र (गोष्ट सांगणारा 'जे', हॅरिस आणि जॉर्ज) आणि एक फॉक्स टेरियर कुत्रा थेम्स नदीवर किंग्स्टनहून ऑक्सफर्डला होडीने जातात, येताना पाऊस लागतो तर होडी सोडून सरळ ट्रेन पकडतात, संपलं. मजा सगळी जे च्या पाल्हाळात. आजारांचं पुस्तक चाळतो तर एक सोडून यच्चयावत रोग आपल्यालाच झालेत असं त्याला वाटतं, मध्येच पॉजर काका भिंतीवर एक तसबीर टांगायला अख्खं घर कामाला लावतात, नदी राहते बाजूला. ही बडबड पडद्यावर कशी आणायची? ५६ वाल्यांनी सरळ नदीवर पोरी आणल्या, प्रेमप्रकरणं घुसवली, पडापडी वाढवली. स्टॉपार्डने जे चं निवेदन ठेवलं, माझ्या मते तिथेच तो जिंकला.

अननसाच्या डब्याचंच घ्या. ओपनर विसरलाय. हॅरिस चाकूने हात कापून घेतो, जॉर्जची कात्री उडून डोळाच जायची वेळ येते, जे होडीच्या आकड्याने प्रयत्न करतो तर स्वतःच चिखलात, आणि डब्याला ओरखडा नाही! शेवटी दगड आणि होडीची डोलकाठी काढतात, जॉर्ज वाचतो तो डोक्यावरच्या गवती टोपीमुळे. ५६ मध्ये हे बघायला धमाल आहे, खोटं कशाला बोला, पण पुस्तकात जे हे सगळं युद्धाचा वृत्तांत द्यावा तसं गंभीरपणे सांगतो म्हणून हसून पोट दुखतं.

त्यामुळे पुस्तक आवडलेलं असेल तर ७५, घरच्यांना घेऊन नुसतं हसायचं असेल तर ५६. आणि शोधताना १९७९ चा रशियन लागला तर दचकू नका, त्यात आंद्रेई मिरोनोव्ह आहे आणि चक्क गाणी आहेत.