महाबळेश्वरची रात्र, घासलेली कॅसेट

भुताचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला. त्याचं चित्रीकरण झालं आपल्या महाबळेश्वरात. स्टुडिओ परवडणारा नव्हता, म्हणून मोजकी माणसं घेऊन मंडळी घाट चढून आली, विश्रामगृहात उतरली आणि तिथल्याच जागेत भुताचा सिनेमा उभा केला. पुढे १९८४ च्या ‘पुराना मंदिर’नं त्यांचं नाव घरोघरी नेलं.

साताऱ्यात आमच्या पेठेपर्यंत हे सिनेमे पोचले ते मुख्यतः कॅसेटवरून. १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही वाढले, पाठोपाठ व्हीसीआर भाड्यानं मिळू लागला. चार घरं वर्गणी काढायची, एका रात्रीत तीन सिनेमे व्हायचे, भुताचा सगळ्यात शेवटी. आणि ऐन वेळी, सैतान दारातून आत येताना, पडद्यावर नुसता काळा गाळ. खाली पांढऱ्या रेघा. कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं, म्हणजे चित्र सरळ करायचं बटण फिरवायचं.

कमी पैशाचा सिनेमा असाच दिसणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ते खरं नव्हतं. कॅसेट बहुतेकदा थिएटरात चालून झिजलेल्या प्रिंटवरून, म्हणजे पडद्यासाठी काढलेल्या प्रतीवरून निघायची. प्रिंट प्रोजेक्टरच्या झगझगीत दिव्यासाठी बनते, त्यामुळे तिच्यात काळं जास्तच काळं असतं. सावलीतला बारकावा असतो निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात चाललेल्या मूळ फिल्ममध्ये. त्यात व्हीएचएसवर, म्हणजे घरच्या कॅसेटवर, रंगाचा तपशील फार थोडा उतरतो आणि लाल रंग तर कडेनं सांडतो. रामसेंच्या सिनेमात भीती उभी राहते तीच लाल-निळ्या दिव्यांवर. कॅमेरा सांभाळणाऱ्या गंगू रामसेंची ती मेहनत आम्ही कधी पाहिलीच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतर व्हीसीडी आली. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, अंधार आला की त्याचे चौकोनी ठोकळे व्हायचे. या सिनेमांची कदर आधी केली ती परक्यांनी. मोंडो माकाब्रो या परदेशी कंपनीनं ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’, ‘बंद दरवाजा’ डीव्हीडीवर आणले आणि २०२३ साली ब्लू-रेवर.

पण अशी डिस्क काढायला जुनी फिल्म नुसती स्कॅन करून भागत नाही. कमी पैशात रात्रीचा प्रसंग पुष्कळदा दिवसाउजेडी घेतात आणि लॅबमध्ये गडद करून त्याची रात्र करतात. निगेटिव्हमध्ये तो प्रसंग दुपारचाच असतो. स्कॅननंतर उजेड आणि रंग जुळवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर डिस्कवर नायिका भर उन्हात कंदील घेऊन फिरते. दुसरी चूक म्हणजे ग्रेन पुसणं. फिल्मचे ते बारीक कण म्हणजेच चित्र असतं. ते संगणकानं घासून काढले की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत वर्षानुवर्षं बहुतेक भिकार नकलांवर फिरत होता. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं आणि फिल्म फाउंडेशननं मूळ निगेटिव्हवरून तो ४के-मध्ये, म्हणजे फार बारीक तपशिलाच्या डिजिटल चित्रात नीट केला, ग्रेन राखून, अंधार राखून. महाबळेश्वरात घेतलेली रात्र मला तशी बघायची आहे. मात्र जुन्या सेफ्टी फिल्मच्या (सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेट फिल्मच्या) डब्यातून एकदा व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की फिल्म आक्रसत जाते, मग ती स्कॅनरवरही सरळ बसत नाही.