आपला कोरडा नाला आणि तिकडची कोरडी कॅनियन

अमरावती-यवतमाळकडची मंडळी मुलांकडे अमेरिकेला गेली की युटा-अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हौसेने फिरतात. तळाला कोरडी वाळू दिसली की ‘हा तर आपला नालाच’ म्हणून आत शिरतात. मेळघाटाची सवय असलेला माणूस तर हमखास सांगतो, पाऊस आला तर निघू बाहेर. हे वाक्य नाल्यात चालतं. स्लॉट कॅनियनमध्ये ते जीव घेऊ शकतं.

नाल्याबद्दल फार सांगायला नको. उन्हाळ्यात वाळू, उकरलं तर झिरा, पावसाळ्यात दोन्ही काठ भरून. माणसं दगावतात ती बहुतेक रपट्यावर, वाहतं पाणी आडवं ओलांडताना.

स्लॉट कॅनियन म्हणजे पुराच्या पाण्यानेच वाळूच्या खडकात कापलेली चीर. कित्येक ठिकाणी हात पसरले की दोन्ही भिंती लागतात आणि त्या भिंती दहा-दहा मजले सरळ वर गेलेल्या असतात. हिला ‘दरी’ म्हणणं मला मुळीच पटत नाही. दरीला उतार असतो, वाट असते. घळ म्हणा हवं तर. युटातली बकस्किन गल्च वीसेक किलोमीटर लांब आहे आणि मधे बाहेर पडायला जेमतेम एक अवघड वाट आहे. रपट्यावर पाणी पाहून थांबता येतं, इथे माणूस पाण्याच्या वाटेतच लांबीने चालत असतो.

उन्हाचा फरक किरकोळ आहे. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसत नाही, म्हणून माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी आणि सोबत खारं खाणं. दहा ते चार चढण टाळायची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, काढलेल्याला एवढं पुरे.

खरी गल्लत होते ती पाणी कुठून आणि किती वेळात येतं यात. मृगाच्या पहिल्या सरीने आपला नाला सहसा वाहत नाही. काळी जमीन उन्हाळाभर तडकलेली असते, भेगांमध्ये हात जाईल इतकी. पहिलं पाणी ती पिऊन घेते. भेगा बुजतात, माती फुगते, त्यानंतर पाणी बांधावरून वाहायला लागतं. म्हणून आपल्या अंगवळणी एक क्रम पडलाय: आभाळ भरतं, डोक्यावर पाऊस पडतो, मग नाला चढतो. सातपुड्याच्या उतारावर मधला वेळ कमी, पण तिथेही बहुधा आपण भिजलेलो असतो.

तिकडे हा क्रमच नाही. उघडा खडक, माती नावापुरती, झाडोरा तुरळक. टिनाच्या छपरावर पडलेलं पाणी जसं एका पन्हाळीत उतरतं, तसं मैलोनमैल खडकावरचं पाणी त्या एका चिरेत उतरतं. आणि छपराचं ते टोक डोळ्यांपलीकडे असतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून मेले. वादळी पाऊस कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला झाला होता, कॅनियनवर जवळपास नाहीच. म्हणून ‘आभाळ निरभ्र होतं’ हे कारण कोणी सांगू नये. निरभ्र आभाळाने तिथे काहीच सिद्ध होत नाही.

महिनाही फसवतो. अ‍ॅरिझोनात मान्सूनचा काळ १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, म्हणजे आपलाच पावसाळा. पण सकाळ लख्ख उजाडते आणि ढग दुपारी उठतात.

त्यामुळे अंदाज बघायचा तो मुक्कामाच्या गावाचा नाही, पाणलोटाचा. पाणलोट विकासाची कामं गावोगाव झाली आहेत, नकाशावर रिज लाइन, म्हणजे पाणलोटाची माथ्याची रेषा, काढणं आपल्याला नवं नाही. तेच इथे करायचं. युटा-अ‍ॅरिझोनाच्या सीमेवरच्या परिया नदीच्या कॅनियनमध्ये जाताना वर ब्राइस कॅनियनच्या बाजूला काय पडणार आहे ते बघायचं. त्या पाणलोटात कुठेही गडगडाटाची शक्यता दिली असेल तर आत जायचं नाही. युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातली द नॅरोज ही नदीतून चालायची घळ तर विसर्ग १५० क्युसेकच्या वर गेला की बंदच करतात. आपल्या धरणांच्या बातम्यांपुढे हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ते पाणी दोन भिंतींत कोंडलेलं असतं. जोराचं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी धट्टाकट्टा माणूस पडतो.

आत गेल्यावर नजर भिंतींवर ठेवायची. डोक्याच्या वर ओंडका किंवा काडीकचरा अडकलेला दिसला, तर पाणी तिथवर आलं होतं. मुक्काम त्या खुणेच्या बराच वर, वाळूत कधीच नाही. वाहतं नितळ पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं तरंगत आली, वरच्या अंगाला घरघर ऐकू आली, की त्याच क्षणी वर चढायचं. पाठीवरची पिशवी टाकून द्यायची. खालच्या दिशेने पळत सुटण्याची चूक लोक करतात. लोंढा माणसापेक्षा जोरात येतो आणि तोंडाशी चिखल, दगड, ओंडके असतात. दोन-तीन मीटर वरचा कठडा मिळाला तरी तो धरायचा, त्याहून वर जाता आलं तर जायचं.

पाणी ओसरायला लागलं म्हणून लगेच उतरायचं नाही. वरच्या दुसऱ्या फाट्याचं पाणी मागून येऊ शकतं. प्रवाह परत नितळ होईपर्यंत, गरज पडली तर रात्रभर, वरच बसायचं. उतरल्यावर काठीने टोचत चालायचं, कारण पुरानंतरची वाळू वरून घट्ट दिसते आणि मांडीपर्यंत पाय आत जातो.