दीड लाख पळालेली गाडी घ्यावी की नवी?

"रनिंग किती झालंय?" हे सगळेच विचारतात. विचारा, पण नुसत्या त्यावर भाव ठरवू नका. संभाजीनगर–पुणे हायवेवर दीड लाख किलोमीटर पळालेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी ही गल्लीबोळात आणि वस्तीच्या खडीवर साठ हजार घासलेल्या, नोंदी नसलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा चांगली निघते. हायवेला क्लच-ब्रेक कमी झिजतात. शिवाय मीटर मागे करून देणारे आहेतच, म्हणून मालकाकडून कंपनीच्या वर्कशॉपमधल्या सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी मागा. मीटरवर साठ हजार, पण क्लच पेडलचं रबर गुळगुळीत आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली असेल, तर त्या मीटरवर विश्वास नको.

गाडी सकाळी बघा, इंजिन थंड असताना

आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर आपल्या आधीच कुणीतरी गाडी चालू करून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी परत जा. चालू केल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) गेल्याची शंका धरा. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नका. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपलाय.

आपल्याकडे जास्त गाड्या बिघडतात त्या कूलिंगमुळे. मे महिन्यात पारा 42 च्या पुढे, वर एसी चालू, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी! त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, तापमानाचा काटा वर सरकायला लागतो आणि एक दिवस ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. इंजिन थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडून बघा. आत लालसर, गढूळ पाणी असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. कूलंट कंपनीनं सांगितलेलंच वापरा. पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला, साधारण निम्मं-निम्मं. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटरच्या मध्ये मातीचा थर बसतो. तो उन्हाळ्याआधी कमी दाबाच्या पाण्यानं इंजिनच्या बाजूनं बाहेर धुवून काढा. जोराच्या फवाऱ्यानं जाळी आडवी होते.

टायमिंग बेल्टचं (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्याचं) इंजिन असेल आणि बेल्ट बदलल्याची नोंद नसेल, तर गाडी घेतल्याबरोबर बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर बदला. वॉटर पंप बेल्टवरच चालत असेल तर तोही त्याच वेळी उरका. चालता बेल्ट तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. या कामांसाठी, शिवाय टायर, बॅटरी आणि चाकाच्या लोअर आर्मच्या रबरी बुशसाठी किमतीच्या 15 टक्के रक्कम आधीच बाजूला ठेवा.

नवी कुणी घ्यावी?

वर्षाला पंचवीस हजार किलोमीटरच्या पुढे फिरणाऱ्यांनी. वॉरंटीचा खरा उपयोग त्यांनाच होतो. बाकीच्यांनी विम्याचा तक्ता बघावा: गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के आणि पाचव्या वर्षात 50 टक्के घटलेली धरतात. ही घट पहिल्या मालकाच्या खिशातून जाते. म्हणून चार-पाच वर्षांची, नोंदी असलेली पेट्रोल गाडी आम्हाला सगळ्यात फायद्याची वाटते. जुलै 2019 नंतर बनलेली बघा. तेव्हापासून चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. फिरणं फक्त गावातल्या गावात असेल तर बीएस 6 (नव्या प्रदूषण मानकाची) डिझेल नवी-जुनी कोणतीच नको. सलग वेग मिळाला नाही की डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीनं तुंबतो.

कागद

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या; कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हवा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा 14 दिवसांत नावावर करायला द्या. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची विम्यातली सूट) जुन्या मालकाकडेच राहतो. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन पासिंग यांचा खर्च त्या भावात मिळवा, मगच इसार द्या.