हार्डनर नावाचा घोळ: लाकडी बोटीला एपॉक्सी की पॉलिएस्टर?

"काका, थंडी होती म्हणून हार्डनर जरा जास्त टाकलो, तरी चिकटच राहिलंय बघा."

हे वाक्य या हिवाळ्यात मी चौथ्यांदा ऐकलं. दरवेळी समोर अर्धी बांधलेली रेडिओ कंट्रोल बोट असते. प्लाय चांगला, सांधे नेटके, दोन इंजिनांसाठी दोन कप्पे मापात आणि वरून सगळीकडे गुळाच्या पाकासारखा चिकचिकाट. पोरगं हुशार असतं. त्याचे वडील किंवा मामा फायबरच्या कामातले असतात, पाण्याच्या टाक्या नाहीतर ट्रकच्या केबिनचे पत्रे करणारे. तिथला धडा घेऊन तो बोटीला बसतो आणि फसतो. कारण दुकानात पॉलिएस्टर आणि एपॉक्सी, दोन्हीच्या डब्यांना 'रेझिन' (घट्ट होणारी पातळ राळ) म्हणतात आणि त्यांत घालायच्या दोन्ही बाटल्यांना 'हार्डनर'. सगळा घोळ या एका शब्दाने केलाय.

पॉलिएस्टर तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. घशाला लागणारा स्टायरिनचा वास, सुकण्याला वेग देणाऱ्या कोबाल्टची जांभळट झाक, काचेच्या तंतूंच्या मॅटचे तुकडे, रोलर. वास, रंग, किंमत हे फरक सांगण्यात जागा घालवत नाही. पॉलिएस्टर स्वस्त, एपॉक्सी कितीतरी महाग, एवढं पुरे.

पॉलिएस्टरमध्ये जे दोन थेंब टाकता ते खरं तर हार्डनर नव्हेच, विरजण आहे. घट्ट व्हायचं सगळं सामान, म्हणजे पॉलिएस्टरच्या साखळ्या आणि त्यांना एकमेकींत अडकवणारं स्टायरिन, डब्यात आधीपासूनच आहे. बाटलीतलं एमईकेपी नावाचं रसायन फक्त सुरुवात करून देतं, शेकडा एक ते दोन. घरी दही लावताना आई उन्हाळ्यात विरजण कमी लावते, हिवाळ्यात थोडं जास्त. इथे तोच हिशोब. मे महिन्यात एक टक्का, डिसेंबरात दोन. फायबरवाल्या मिस्त्रीचा हात यावरच बसलेला असतो आणि त्याच्या कामापुरता तो बरोबरच आहे. (एक मात्र कुणालाही कधीही सांगायला लाजू नका. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट ओतायचं नाही. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचं, एमईकेपी शेवटी. डोळ्यांवर चष्मा हवाच, त्या थेंबाने डोळा जातो.)

आता एपॉक्सी. यातलं हार्डनर विरजण नाही. ते बाणा आहे.

सोलापुरात हे वेगळं समजवावं लागू नये. मागावर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. चादर दोघांची मिळून होते. बाणा कमी पडला तर कापड झिरझिरीत. गरजेपेक्षा जास्त घातला तर त्या धाग्यांना धरायला ताणाच नाही, नुसतेच लोंबणार. एपॉक्सी रेझिनच्या रेणूला ठरावीक जागा असतात आणि हार्डनरमधल्या अमाइनलाही ठरावीक हात असतात. एका जागेला एक हात. हात कमी पडले तर रेझिन कच्चं राहतं आणि आयुष्यभर चिकट राहतं. हात जास्त झाले तर उरलेलं हार्डनर मोकळंच पडून राहतं. कधी चिकट राहतं, कधी वरून सुकल्यासारखं वाटतं पण आतून रबरासारखं दबतं आणि पाणी ओढतं. म्हणजे हार्डनर वाढवल्याने एपॉक्सी लवकर सुकत नाही, बिघडते. थंडी असो, पाऊस असो, घाई असो, प्रमाण तेच.

फसगत का होते तेही सांगतो. आपल्याकडे फायबरच्या दुकानांत जी साधी एपॉक्सी मिळते तिचं प्रमाण बहुधा वजनाने १०० ला १० असतं. दहा टक्के! पॉलिएस्टरची सवय असलेल्याला वाटतं, हेही तसलंच, एकाचे दहा झाले इतकंच. हेच प्रमाण १०० ला ५० असतं तर कुणी अंदाजाने ओतलं नसतं. आकडा लहान दिसतो म्हणून हात सैल सुटतो.

त्यात आणखी एक गंमत. हे १०० ला १० वजनाने आहे, मापाने नाही. रेझिन पाण्यापेक्षा जड, हार्डनर जवळपास पाण्याइतकं. झाकणाने मोजायला गेलात तर १०० ला साधारण १२ घ्यावं लागेल, म्हणजे दहा झाकणांना एक झाकण हे गणित हमखास कमी पडतं. आणि बोटीच्या कामात एका वेळी २० ग्रॅम रेझिन पुरतं. त्याला हार्डनर २ ग्रॅम. चुकून अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झालं की २५ टक्क्यांची चूक. म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. बोटीच्या सामानात ही पहिली खरेदी, इंजिन नंतर. 'अंदाज आलाय आता' म्हणणाऱ्याच्या हातात मी एपॉक्सी देत नाही.

ढवळणं हाही त्याचाच भाग. थंडीत रेझिन काकवीसारखं दाट आणि हार्डनर पाण्यासारखं पातळ. कपाच्या कडेला कोरं रेझिन चिकटून राहतं आणि नेमकं तेच शेवटी ब्रशने पुसून बोटीला लावलं जातं. दोन-तीन मिनिटं ढवळायचं, मग दुसऱ्या कोऱ्या कपात ओतून परत ढवळायचं. दाटपणाचा वैताग आला तर रेझिनची बंद बाटली गरम पाण्यात ठेवा. थंडीवरचा उपाय ऊब आहे, हार्डनर नाही.

दोन इंजिनांच्या बोटीला हे जास्त का नडतं, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. माझी दुसरी बोट, १.३५ मीटर लांब, दोन पायांची कॅटमरान, प्रत्येक पायात २६ सीसीचं एक पेट्रोल इंजिन. उजव्या कप्प्यात इंजिन ज्यांवर बसतं त्या पट्ट्या मी जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत रात्री चिकटवल्या. गार पडलं होतं. हात शिवशिवला आणि हार्डनर 'जरासं' वाढवलं. सकाळी नख लागेना, म्हणजे झालं असं धरलं. डावीकडचं काम दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखं तोलून केलं. मार्चमध्ये हिप्परग्याच्या तलावात सोडली. पहिल्या दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीत बोट उजवीकडे ओढायला लागली, मग तिथल्या तिथे गिरक्या घ्यायला लागली. काढून बघितलं तर उजव्या पट्ट्या अंगठ्याने हलत होत्या. इंजिन मिलिमीटरभर सरकलं होतं, पंखा फिरवणारा शाफ्ट नळीत घासत होता, इंजिनाचे फेरे कमी झाले होते. डावं इंजिन मात्र पूर्ण ताकदीने ढकलतच होतं. एका इंजिनाच्या बोटीत हीच चूक झाली असती तर बोट नुसती मंदावली असती. इथे दोन बाजू एकमेकींशी भांडतात. मिनिटाला १५,००० फेरे मारणाऱ्या इंजिनाला रबरावर बसवलं तर दुसरं काय होणार.

कच्ची एपॉक्सी दुरुस्त होत नाही. वरून हार्डनर चोळणं, उन्हात ठेवणं, वरून दुसरा हात मारणं, हे सगळं करून झालंय. खरवडून लाकडापर्यंत जायचं आणि नव्याने करायचं. माझे त्यात दोन रविवार गेले.

उन्हाळ्यात उलटी पंचाईत. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना वेग दुप्पट. २५ अंशांना कपात अर्धा तास टिकणारी एपॉक्सी ४५ अंशांना सात-आठ मिनिटांत कामातून जाते, कपातल्या कपात तापते, धूरही काढते. आता इथे लोक हार्डनर कमी करतात! पुन्हा तीच चूक, उलट्या दिशेने. कमी करू नका. थोडं थोडं कालवा, कपाऐवजी पसरट ताटलीत ओता म्हणजे उष्णता साठणार नाही, ताटलीखाली गार पाणी ठेवा, नाहीतर हळू सुकणारं वेगळं हार्डनर आणा. आणि काम संध्याकाळी करा. सकाळी लावलं की लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगून वर येते आणि कापडाखाली बुडबुडे उमटतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, ते एपॉक्सी आत ओढून घेतं. सोलापुरात मे महिन्यात दुपारी कोटिंग करणाऱ्याला माझा नमस्कार.

मग लाकडी बोटीला पॉलिएस्टर चालेल का? नाही. 'स्वस्त पडतं', 'पाण्याच्या टाक्या नाहीत का टिकत', हे ऐकून मी थकलो. टाकी सगळीच फायबरची असते, तिला कशाला चिकटायचं नसतं. पॉलिएस्टर सुकताना चांगलंच आकसतं आणि लाकडाला वरवर धरतं. लाकूड ओलं-कोरडं होताना फुगतं-आटतं आणि तो थर सुटतो. माझ्या पहिल्या बोटीला हेच झालं. दोन महिन्यांनी मागच्या कोपऱ्यात नख घातलं तर उसाच्या वाढ्यासारखं एक लांब सालपट निघालं. खालचा प्लाय स्वच्छ, जणू त्याला कधी काही लावलंच नव्हतं. एपॉक्सी सुटली तर लाकडाचे तंतू घेऊन सुटते. पेट्रोलचंही बघा. आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही त्यात असेल, आणि साधं पॉलिएस्टर त्याने हळूहळू मऊ पडतं. टाकीखालचा कप्पा आधी जातो. कच्ची राहिलेली एपॉक्सीही तिथेच आधी जाते.

पॉलिएस्टरची जागा साच्यात आहे. एकाच आकाराच्या पाच बोटी काढायच्या असतील तर साचा करा, जेलकोट (साच्यातला पहिला, बाहेरून दिसणारा थर) मारा, मॅट घाला, खुशाल करा. तिथे मी एपॉक्सीवर पैसे घालणार नाही.

मॅट म्हटल्यावर आठवलं. तीच मॅट एपॉक्सीखाली घालू नका. मॅटचे तुकडे धरून ठेवणारा डिंक स्टायरिनमध्ये विरघळतो, म्हणून पॉलिएस्टरमध्ये ती मऊ पडून बसते. एपॉक्सीत स्टायरिन नाही, ती ताठच राहते, कोपऱ्यावर उठते आणि रेझिन पिऊन बोट जड करते. विणलेलं काचेचं कापड आणा, चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपासचं. विणकरांच्या गावात विणलेलं सोडून कातरण काय वापरायचं!

एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. सुकलेल्या पॉलिएस्टरवर घासून एपॉक्सी मात्र धरते. म्हणून गाडीच्या गॅरेजमधली लांबी (पुट्टी) बोटीला लावू नका, ती पॉलिएस्टरचीच असते. खड्डे भरायला एपॉक्सीतच करवतीचा चाळलेला बारीक भुसा कालवा. पट्ट्यांच्या कडेला त्याचीच गोलाई फिरवा. आणि दुसरा हात मारायच्या आधी पृष्ठभाग पाण्याने आणि घासणीने धुवा. एपॉक्सीवर, विशेषतः दमट हवेत, मेणासारखा पातळ थर येतो. तो पाण्यात निघतो, थिनरने फक्त पसरतो. आधी न धुता पॉलिश पेपर मारला की तोच थर घासलेल्या खाचांत भरतो. हातमोजे घाला. अंगावर सांडलेली एपॉक्सी थिनरने पुसणाऱ्यांची कातडी एक दिवस बंड करते आणि मग नुसत्या वासानेही खाज सुटते.

'रेझिन आर्ट'चे संच घेऊन बोट करायला निघालेल्यांसाठी एकच वाक्य: ती एपॉक्सी आहे, पण टेबलावर चमकण्यासाठी केलेली, उन्हात मऊ पडणारी, इंजिनाखाली ती घालू नका.

ऊन हा शेवटचा मुद्दा. घरच्या तापमानाला सुकलेली साधी एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडायला लागते. मे महिन्यात काळा रंग दिलेली बोट गच्चीवर ठेवली तर लाकूड सहज तिथवर जातं, वर इंजिनाची धग वेगळी. म्हणून मी बोटी पांढऱ्या रंगवतो. कितीही नावं ठेवा. पण रंग द्यायच्या आधी तेच ऊन वापरूनही घेतो. सगळं काम होऊन आठवडा झाला की बोट सपाट पाटावर पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे पिळणार नाही. वर काळं प्लास्टिक झाकायचं आणि एप्रिलच्या दुपारी गच्चीवर दोन दिवस ठेवायचं, आत स्वयंपाकघरातला एखादा थर्मामीटर ठेवून. पहिल्या दिवशी कडा थोड्या उघड्या, ५० च्या वर जाऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पूर्ण बंद, ६५ च्या पुढे जायला लागलं की प्लास्टिक उचलायचं. हळूहळू तापवली की एपॉक्सी आणखी घट्ट विणली जाते आणि पुढे जास्त उष्णता सोसते. कारखान्यात यासाठी भट्टी लावतात. आपल्याला ती फुकट मिळाली आहे, पण प्रमाण चुकलेल्या एपॉक्सीला तीही वाचवत नाही. त्या पोराची बोट परवा खरवडायला घेतली आहे.