शार्प, एडमंड

(३१ ऑक्टोबर १८०९ – ८ मे १८७७). व्हिक्टोरियाकालीन इंग्लिश वास्तुविशारद. जन्म चेशरमधील नट्सफर्डचा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात शिकल्यावर प्रवास-शिष्यवृत्तीवर तो तीन वर्षे युरोपात जुनी चर्च न्याहाळत हिंडला. १८३५ मध्ये लंडनला न जाता त्याने लँकेस्टरमध्ये व्यवसाय थाटला आणि वायव्य इंग्लंडमध्ये अनेक चर्च बांधली.

त्यांतली सर्वांत धाडसी म्हणजे लोकांनी ‘मडक्यांची चर्च’ म्हणून हिणवलेली तीन चर्च. त्याचा मेहुणा जॉन फ्लेचर हा बोल्टनजवळचा खाणमालक. त्याच्या खाणीत कोळशासोबत निघणारी माती भट्टीच्या विटांना वापरत. तीच साच्यात दाबून, भाजून त्यातून चर्च का उभे राहू नये, असा विचार पुढे आला. बोल्टनच्या लीव्हर ब्रिज येथील सेंट स्टीफन्स (१८४२–४५) हा त्याचा पहिला प्रयोग. भिंतींवरची नक्षी, खिडक्यांची जाळी, इतकेच काय, बाकांच्या कडाही टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या! एकदा साचा तयार झाला की तीच नक्षी हवी तितक्या वेळा निघे. पाथरवटाला मात्र ती दरवेळी नव्याने कोरावी लागे. मातीने दगडाचे सोंग घ्यावे, हे त्या काळच्या चर्चस्थापत्याच्या अभ्यासकांना रुचले नाही. त्यांच्या आक्षेपात तथ्य होते, पण प्रयोगाचे मोल त्याने कमी होत नाही. सेंट स्टीफन्सचा जाळीदार निमुळता मनोरा विसाव्या शतकात उतरवावा लागला. दुसरे चर्च मँचेस्टरच्या रशोम भागातले (१८४५–४६).

१८५१ मध्ये शार्पने वास्तुव्यवसाय भागीदार ई. जी. पेली याच्यावर सोपवला. पेली आधी त्याचा शिष्य होता. त्याच वर्षी तो शार्पच्या बहिणीचा नवराही झाला. त्याआधी १८४८–४९ मध्ये लँकेस्टरचा महापौर असताना शार्पने गटारे आणि स्वच्छ पाण्यासाठी नेटाने पाठपुरावा केला. घरोघरी पोचणारे पाणी हीदेखील त्याची मोठी कमाई मानावी लागेल.

१८५१ मध्येच त्याने इंग्लिश चर्चस्थापत्याचे सात कालखंड मांडले. त्यांतले गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या शैलीचे, टप्पे त्याने मुख्यतः खिडक्यांच्या आकारावरून ओळखले: आधी भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद, मग वर्तुळांच्या भूमितीतून रचलेल्या, पुढे वळणदार आणि शेवटी सरळ उभ्या रेषांच्या. १८७५ मध्ये त्याला ब्रिटिश वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी साठी उलटलेला शार्प लँकेस्टरजवळ स्कॉटफर्थ येथे तिसरे ‘मडक्यांचे चर्च’, वीट आणि टेराकोटाचे सेंट पॉल्स (१८७४–७६), बांधत होता. इटलीच्या दौऱ्यावर असताना मिलानमध्ये त्याचे निधन झाले.