ब्रेकचे सामान मागवण्यापूर्वी
(होल्डन आणि फोर्डच्या वेगवान गाड्या बाळगणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

होल्डन कमोडोर, फोर्ड फाल्कन आणि त्यांच्यापासून घडवलेल्या एचएसव्ही व एफपीव्ही (अनुक्रमे होल्डन आणि फोर्डच्या अधिक वेगवान आवृत्त्या) या गाड्या बाळगणाऱ्या आमच्या मेलबर्नमधील मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. पॅड म्हणजे काय आणि कॅलिपर कुठे असतो हे आपल्याला ठाऊक आहे, असे धरूनच पुढचे लिहिले आहे. शनिवारी सकाळी दुकान उघडले की पहिला फोन बहुधा एकाच प्रकारचा असतो. गाडी घोडीवर चढवलेली असते, चाके निघालेली असतात, जुने पॅड बाहेर आलेले असतात आणि आमच्याकडून नेलेले नवे पॅड काही केल्या बसत नाहीत. विचारपूस केल्यावर उलगडते की मागणी नोंदवताना ग्राहकाने "व्हीई एसएस, २००८" (म्हणजे कमोडोरच्या व्हीई मालिकेतील एसएस ही आवृत्ती) एवढेच सांगितले होते, आणि तेवढ्या वर्णनाला धरून दिलेले सामान अगदी बरोबर होते. गाडीवर मात्र वेगळेच ब्रेक बसवलेले होते.

पुण्यात किंवा ठाण्यात मारुतीचे नाव आणि साल सांगितले की दुकानदार खोके काउंटरवर ठेवतो, त्यामुळे इथेही तसेच चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. ऑस्ट्रेलियात घडलेल्या या गाड्यांना ती सवय लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९६० साली फिलिप आयलंड येथे आर्मस्ट्राँग ५०० ही सहनशक्तीची शर्यत सुरू झाली आणि १९६३ मध्ये ती न्यू साउथ वेल्समधील बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमा रस्त्यावर आली. पाचशे मैल धावणारी गाडी जवळजवळ दुकानात मिळते तशीच असली पाहिजे, हा त्या शर्यतीचा मूळ नियम होता. साहजिकच, शर्यतीसाठी एखादा भाग हवा असेल तर कारखान्याने तो विक्रीच्या गाडीवरच बसवून द्यायचा, अशी रीत पडली. होल्डनने त्या वर्षी ईएच गाडीची एस-फोर नावाची थोडक्या संख्येची आवृत्ती काढली आणि तिच्या ब्रेकच्या ड्रममध्ये सिंटर्ड (भुकटी तापवून घट्ट केलेल्या) धातूचे लायनर, म्हणजे घासून वेग कमी करणारे अस्तर, घातले. शर्यत मात्र पुढे डिस्क ब्रेक असलेल्या फोर्ड कॉर्टिना जीटीने जिंकली. दोनच वर्षांनी, १९६५ च्या एचडी मॉडेलपासून, होल्डनने पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे घेऊन देण्यास सुरुवात केली. एकाच नावाच्या दोन गाड्यांवर दोन प्रकारचे ब्रेक असण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. तिचा त्रास आम्हाला आजही होतो, आणि खरे सांगायचे तर आमचे पोटही तिच्यावरच चालते.

माउंट पॅनोरमाचा फेरा ६.२१३ किलोमीटरचा असून त्याच्या सर्वांत उंच आणि सर्वांत सखल ठिकाणांत १७४ मीटरचा फरक आहे. वरून वळणावळणाने खाली उतरायचे, कॉनरॉड स्ट्रेटवर पूर्ण वेग घ्यायचा आणि शेवटी मरेज कॉर्नरच्या काटकोनात वळण्यासाठी तो सगळा वेग टाकून द्यायचा, असा तो रस्ता आहे. १८०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ७०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. ती सगळी डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल यांनाच पचवावी लागते. १९६७ चा फाल्कन एक्सआर जीटी, १९६८ चा मोनारो जीटीएस ३२७ आणि १९७१ चा फाल्कन जीटीएचओ फेज थ्री या तिन्ही बाथर्स्ट जिंकणाऱ्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम होते. इंजिनाची ताकद वर्षागणिक वाढत होती, पण मागचे ब्रेक मात्र जुन्याच पठडीतले राहिले होते. १९७२ च्या जूनमध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रांतून या 'सुपरकार'विरुद्ध गदारोळ उठला आणि फोर्डला जीटीएचओच्या पुढच्या आवृत्तीचा, फेज फोरचा, बेत सोडावा लागला. पुढे १९७३ च्या फाल्कन एक्सबी जीटीला आणि १९७७ च्या होल्डन तोराना ए-नाइन-एक्सला चारही चाकांवर डिस्क मिळाल्या.

१९७७ ची बाथर्स्ट शर्यत आम्ही ग्राहकांना आवर्जून सांगतो. ॲलन मॉफट आणि जॅकी इक्स यांचा फाल्कन आघाडीवर होता, पण शेवटच्या टप्प्यात त्याचे ब्रेक जवळजवळ संपले होते. मागून येणारा संघातलाच कॉलिन बाँड पुढे जाऊ शकत असतानाही मागेच राहिला, आणि दोन्ही फाल्कन जोडीने रेषा ओलांडून गेले. त्या छायाचित्रात लोकांना दोन गाड्या दिसतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला पुढच्या गाडीचे झिजलेले पॅड दिसतात.

ब्रेकच्या व्यवसायाचा या शर्यतीशी संबंध इतका जवळचा होता की १९६८ पासून १९८० पर्यंत तिचे नावच हार्डी-फेरोडो होते, आणि फेरोडो हे ब्रेकच्या लायनरच्या ब्रँडचे नाव आहे. मेलबर्नच्या ईस्ट बेंटली भागातील पीबीआर या कारखान्याचे कॅलिपर पुढे अमेरिकेच्या शेवरोले कॉर्व्हेटवर आणि फोर्ड मस्टँग कोब्रावरही बसले. बॅलरॅटमध्ये बेंडिक्सचे पॅड बनतात, आणि त्यांच्या 'डीबी'ने सुरू होणाऱ्या क्रमांकांनीच इथले सगळे दुकानदार पॅडचा आकार ओळखतात. आपल्या जुन्या पॅडच्या पाठीवर असा क्रमांक शाबूत असेल, तर आमचे निम्मे काम झालेले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २००६ मध्ये आलेल्या व्हीई कमोडोरचेच उदाहरण घ्या. साध्या व्ही-सिक्स गाडीच्या पुढच्या डिस्कचा व्यास २९८ मिलिमीटर असतो, व्ही-एट एसएसचा ३२१, ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर असलेल्या एसएस-व्ही रेडलाइनचा ३५५, आणि त्याच सांगाड्यावर बांधलेल्या एचएसव्ही क्लबस्पोर्टचा ३६५. चाकाच्या पाच बोल्टचे वर्तुळ मात्र सगळ्यांचे सारखेच, १२० मिलिमीटरचे. म्हणजे हाताशी पाने असलेला कोणीही उत्साही माणूस अपघातात निकामी झालेल्या रेडलाइनचे ब्रेक काढून आपल्या एसएसवर चढवू शकतो, आणि गेली अनेक वर्षे लोक ते करीत आले आहेत. फाल्कनच्या बाबतीतही तेच आहे. बीए मालिकेपासून २९८, ३२२ आणि ब्रेम्बोवाल्या ३५५ मिलिमीटरच्या डिस्क आम्हाला एकाच नावाच्या गाड्यांवर सापडल्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या वाड्याला जसे प्रत्येक पिढीने एकेक खोली जोडावी, तसे या गाड्यांच्या मालकांनी केलेले आहे, आणि आपण बहुधा तिसरे किंवा चौथे मालक असता.

उलटेही घडते. गेल्या वर्षी एक गृहस्थ रेडलाइनचे पॅड घेऊन गेले, कारण त्यांच्या गाडीच्या मागे रेडलाइनचा बिल्ला होता. चाक काढल्यावर आत ३२१ मिलिमीटरची साधी डिस्क निघाली. आधीच्या मालकाने ब्रेम्बो काढून वेगळे विकले होते आणि बिल्ला तेवढा ठेवला होता. त्यांचा शनिवार गेला, रविवारी गाडी घोडीवरच राहिली आणि सोमवारी ते ट्रेनने कामावर गेले. यात त्यांचा काय दोष, असे आपल्याला वाटेल. आम्हालाही तसेच वाटते. मात्र चाक काढून पाहायला वीस मिनिटे पुरतात, आणि ती वीस मिनिटे मागणी नोंदवण्याआधी खर्च करावीत एवढीच आमची विनंती आहे.

म्हणून आम्ही व्हिन क्रमांक (गाडीचा ओळख क्रमांक) विचारतो, आणि त्यावरच न थांबता चाक काढून घेतलेला कॅलिपरचा फोटो व डिस्कचा मोजलेला व्यासही मागतो. काही ग्राहकांना ही नसती उठाठेव वाटते, "व्हिनवरून सगळे कळत नाही का?" असे ते विचारतात. व्हिनवरून गाडी कारखान्यातून कशी निघाली हे कळते. त्यानंतर पंधरा वर्षांत तिच्यावर कोणी काय बसवले, हे त्यात लिहिलेले नसते. व्यास मोजण्यासाठी साधी मोजपट्टी चालते, मात्र डिस्कच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत, मध्यातून मोजावे. जाडी मात्र व्हर्निअरने, कडेला उरलेला गंजाचा ओठ वगळून पाहावी. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. टर्निंग (पृष्ठभाग घासून सपाट) केल्यावर त्या आकड्याखाली जाईल अशी डिस्क आम्ही लेथवर घेत नाही, मग ग्राहक कितीही आग्रह करो. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते आणि लवकर तडकते. त्याचप्रमाणे एकाच बाजूची डिस्क किंवा एकाच चाकाचे पॅड आम्ही विकत नाही. हे जास्त माल खपवण्याचे निमित्त आहे, असा आक्षेप आमच्या कानावर आला आहे. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले पॅड असलेली गाडी ब्रेक मारताना कशी ओढते हे ज्याने एकदा अनुभवले आहे, तो हा आक्षेप घेत नाही.

मोठे ब्रेक बसवावेत का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न आहे. आपली एसएस रोज टार्निटहून स्टेशनपर्यंतच जात असेल, तर ३२१ मिलिमीटरची डिस्क, चांगल्या प्रतीचे पॅड आणि दोन वर्षांनी बदललेले ब्रेक ऑइल पुरेसे आहे, आणि तसे सांगून आम्ही अनेकदा स्वतःचा मोठा व्यवहार घालवला आहे. गाडी ट्रॅकवर नेत असाल किंवा ट्रेलर ओढत असाल तर ३५५ चा संच विचारात घ्यावा. अशा वेळी सुट्टे (स्पेअर) चाक नव्या कॅलिपरवर बसते का, हे आधी तपासावे, अन्यथा पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला कळते. २०१३ च्या एचएसव्ही जीटीएसच्या ३९० मिलिमीटरच्या किंवा २०१७ च्या डब्ल्यू-वनच्या ४१० मिलिमीटरच्या डिस्कसाठी मात्र आधी दूरध्वनी करावा, कारण हा माल आम्ही नोंदणीनंतरच मागवतो आणि तो परत घेता येत नाही.

होल्डनचा एलिझाबेथ येथील कारखाना २० ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाला, फोर्डने त्याआधीच्या वर्षी इथे गाड्या बनवणे थांबवले होते. गाड्या रस्त्यावर हजारोंनी आहेत, पण काही मूळ भाग दुर्मीळ होत चालले आहेत. त्यामुळे वर सांगितलेल्या चारही व्यासांच्या कमोडोरच्या डिस्क आणि त्यांना जुळणारे पॅड आम्ही शक्यतो कायम शिल्लक ठेवतो, आणि माप निश्चित असेल तर सामान त्याच दिवशी देतो. नवे पॅड बसवल्यानंतर पहिल्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर, पूर्ण न थांबता, मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करावा आणि मध्ये गाडी थंड होऊ द्यावी. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून धरून सिग्नलला उभे राहू नये.

साठ-सत्तरच्या दशकांतील मोनारो किंवा जीटी बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि ऑस्ट्रेलियात त्यावर ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी आहे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या नळीने कधीही उडवू नये, आणि 'मूळ खोक्यातले जुने लायनर' कोणी विकत असेल तर ते घेऊ नयेत. आम्ही ते बसवून देत नाही. त्याऐवजी आजच्या लायनरने शू (ड्रमच्या आतली, लायनर जिच्यावर बसतो ती कमान) नव्याने मढवून मिळतात. त्यासाठी जुने शू ओले करून, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दुकानात आणावेत आणि पिशवीवर गाडीचे मॉडेल लिहावे.